अंदमानच्या सहलीत बाराटांग हवंच का?

स्वरा_ठाणे

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला निघालेल्यांची सध्या खूप विचारपूस चालू आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय. टूरवाल्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो: पोर्ट ब्लेअर (आता श्रीविजयपुरम), हॅवलॉक आणि नील ही बेटं आणि मध्ये एक दिवस चुनखडीच्या गुहांसाठी बाराटांग बेट. पोरंबाळं आणि आईवडील घेऊन निघाला असाल तर हा बाराटांगचा दिवस काढून टाका, असं माझं ठाम मत आहे. "चुनखडीच्या गुहा नाही पाहिल्या तर अंदमान काय पाहिलं" असं एजंट म्हणेल. आम्हालाही म्हणाला होता. तरी आम्ही तो दिवस काढायला लावला.

पहिलं आणि मोठं कारण म्हणजे रस्ता. बाराटांगला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चेकपोस्टवर गाड्या अडवतात, कागदपत्रं बघतात आणि ठरलेल्या वेळी पोलिसांबरोबर सगळा ताफा एकदम सोडतात. तिथून पुढचं पन्नासेक किलोमीटर जंगल म्हणजे अवघ्या काहीशे माणसांच्या या जमातीचं घर. १९९७-९८ पर्यंत जारवा बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. मग ते बाहेर यायला लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्या मुलांना लस असते, आठवडाभर अंगावर काढलं की झालं. त्यांच्या शरीराला हे आजार नवीन होते. शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांची कथा तर त्याहून वाईट. १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथे वसाहत केली तेव्हा ते हजारोंनी होते. १८७७ च्या गोवराने त्यांची वस्तीच्या वस्ती ओस पडली. आज ते पन्नासच्या आसपास उरले आहेत.

गुहा बघण्याची हौस भागवायला या रस्त्याने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण घरगुती आहे. सकाळच्या पहिल्या ताफ्यात नंबर लागायचा तर हॉटेलमधून पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं. मग ताफा, मग गाड्यांसकट जेटीवरून पलीकडे, मग छोटी बोट, मग उन्हातून चालत गुहा. आणि सगळं तसंच उलट. सत्तरीच्या सासऱ्यांना आणि पाच वर्षांच्या मुलाला हा दिवस कशासाठी घडवायचा?

गारगोटी

साफ असहमत. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि माझ्या मुलांना अंदमानात सगळ्यात जास्त काही मिळालं असेल तर ते बाराटांगला.

बोट खाडीत शिरते तेव्हा दोन्ही बाजूंनी खारफुटी इतकी जवळ येते की मान खाली घालावी लागते. ती मुळं, तो चिखल, त्यातले खेकडे पुस्तकातल्या आकृतीत समजत नाहीत. पुढे गुहेत छतावरून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले चुन्याचे खांब. हा चुनखडक म्हणजे एकेकाळी समुद्रात राहणाऱ्या जिवांची कवचं आणि सांगाडे, साठून दगड झालेले. माझी मुलगी आदल्या दिवशी हॅवलॉकला पाण्याखाली जिवंत प्रवाळ बघून आली होती, त्यामुळे तिला हे एका वाक्यात कळलं. शिवाय चिखलाचा ज्वालामुखी. २००४ च्या मोठ्या भूकंपानंतर त्याचा उद्रेक झाला होता. एरवी तिथे थंड राखाडी चिखलातून बुडबुडे येत असतात, लोक "एवढंच?" म्हणून परत फिरतात. ज्याला खालून वायू आणि पाणी वर कसं येतं हे सांगणारं कुणी सोबत असतं, तो अर्धा तास हलत नाही.

आता रस्त्याचं. नियम कडक आहेत: थांबायचं नाही, काचेतून हात बाहेर काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. फोटोबद्दल तुरुंगवास होऊ शकतो. आम्ही हे सगळं पाळलं. मुलांना आधी बसवून कारण समजावलं. आम्ही गाडीतून खाली उतरलोच नाही, तर आमच्यामुळे कुणाला गोवर कसा होईल? सरकारने परवानगी दिलेली गोष्ट नियमाने करणाऱ्याला अपराधी ठरवू नका.

स्वरा_ठाणे

गारगोटी सर, तुम्ही नियम पाळले याबद्दल शंका नाही. पण कोर्टात काय झालं तेही मुलांना सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच या रस्त्याचा राखीव जंगलातला भाग वाहतुकीला बंद करायला सांगितलं होतं. तो बंद झाला नाही. २०१२ च्या जानेवारीत जारवा मुलींना खाण्याच्या बदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गेला. त्यानंतर २०१३ मध्ये न्यायालयाने पर्यटकांना काही आठवडे रोखलं आणि मग पुन्हा वाट मोकळी झाली. त्या व्हिडिओच्या आधीही फोटो आणि खाणं देणं यावर बंदी होतीच. १९५६ पासून या जमातींच्या संरक्षणाचा कायदा आहे. परवानगी आहे म्हणून ते योग्य, असं मी मानत नाही.

आणि ताफ्यातल्या गाड्यांत लोक काय बोलत असतात? "दिसला का? दिसला का?" एजंटसुद्धा फोनवर हळूच सांगतो, नशीब असेल तर दिसतील. माणसांबद्दल असं बोलणं माझ्या मुलाच्या कानावर पडू नये.

पोर्टब्लेअरकर

नवऱ्याच्या नौदलातल्या नोकरीमुळे बरीच वर्षं तिथे राहिले, म्हणून लिहिते. दोघांचंही वाचलं, आणि दोघांच्याही लिहिण्यात तिथली माणसं नाहीत.

बाराटांगच्या पुढे उत्तरेला रंगत, मायाबंदर, दिगलीपूर ही गावं आहेत, तिथली हजारो माणसं याच रस्त्यावर अवलंबून आहेत. दिगलीपूरच्या बाईला अडलेलं बाळंतपण असेल तर तिला पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयात आणायचं, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीचा भरवसा नसतो. "रस्ता बंद करा" असं मुंबई-पुण्यात बसून म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ही माणसं हौसेने तिथे गेलेली नाहीत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांना सरकारने तिथे जमिनी देऊन वसवलं. जंगल तोडायला आणि रस्ते बांधायला रांचीकडच्या आदिवासींना नेलं.

बाराटांगला बोटी चालवणारी पोरं याच घरांतली आहेत. भर मोसमात जे मिळतं त्यावर त्यांचं वर्ष निघतं. पर्यटक येणं थांबलं तर त्यांनी काय करायचं याचं उत्तर धाग्यात कुणी दिलेलं नाही.

स्वरा_ठाणे

ताई, रहिवाशांचा रस्ता बंद करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. रुग्णवाहिका, भाजीचा ट्रक, एसटीसारख्या बस, सगळं जाऊ दे. मी फक्त माझ्यासारख्या सुट्टीवर आलेल्या कुटुंबाबद्दल बोलतेय. आपली गरज आणि दिगलीपूरच्या बाईची गरज एका मापाने मोजता येत नाही. उलट आपल्या गाड्या कमी झाल्या तर तिची गाडी लवकर सुटेल.

बोटवाल्या मुलांचा प्रश्न खरा आहे. पोर्ट ब्लेअरहून समुद्रमार्गे बाराटांगला पर्यटक न्यायचे, ही चर्चा अनेक वर्षं चालू आहे. रोजची, भरवशाची, परवडणारी बोट असेल तर गुहाही राहतील, त्यांचा धंदाही राहील आणि जंगलही. आपण एजंटकडे त्याचीच मागणी करायला हवी. मागणीच नसेल तर बोट कोण चालवणार?

डोंबिवलीकर

एका कुटुंबाने न जाऊन काय फरक पडतो? ताफा तर सुटणारच आहे.

अनुजा_२३

@डोंबिवलीकर, ताफा कुटुंबांचाच बनलेला असतो की.

मी मात्र दुसऱ्याच कारणासाठी स्वराशी सहमत आहे. आईला गुडघ्याचा त्रास. आम्ही बाराटांग केलं होतं आणि तिथल्या कष्टांबद्दल कुणी नीट सांगितलं नव्हतं. जिरकाटांगला रांगेत अंधारात थांबायचं, स्वच्छतागृहापुढे बायकांची ही गर्दी, बोटीतून उतरल्यावर दीडेक किलोमीटर ओबडधोबड वाट आणि दमट उकाडा. आई बिचारी अर्ध्या वाटेवर एका झोपडीपाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी फेरीने हॅवलॉक, त्यात तिला समुद्र लागला. राधानगरच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत तिच्यात त्राण नव्हतं, आणि तो किनारा बघायलाच तर ती आली होती.

अजून एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मुंबईच्या हिशेबाने दुपारी जेवून, वामकुक्षी करून साडेचारला किनाऱ्यावर गेलात तर अंधारच हाती लागतो. ज्येष्ठांसोबत सकाळी सहा ते दहा समुद्र, मग विश्रांती, मग तीनला बाहेर, हेच जमतं. असे चांगले तास आधीच कमी, त्यातला अख्खा दिवस गाडीत घालवणं मला पटत नाही.

क्षितिज

मला वाटतं वाचलेला दिवस सेल्युलर जेलला द्यावा. आपली मराठी माणसं हजार-बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडून जातात आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघून, बाहेर फोटो काढून परत येतात. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर ४ जुलै १९११ ला तिथे पोचले तेव्हा थोरले बंधू बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते, आणि दोघांची भेट होऊ दिली जात नव्हती. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कोठडीत कोण आहे ते दिसूच नये. हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सकाळी उघडताच जा, गर्दी नसते. भिंतीवरची नावं वाचा. बंगाल आणि पंजाबच्या क्रांतिकारकांची नावंसुद्धा मुलांना मोठ्याने वाचायला लावा.

डोंबिवलीकर

मुलांची सुट्टी आहे हो, इतिहासाचा तास नाही. सहा वर्षांच्या मुलाला फाशीघर दाखवायचं?

क्षितिज

सहा वर्षांच्याला फाशीघर नको, मान्य. त्याला तेलाचा घाणा दाखवा. बैलाच्या जागी माणूस जुंपत होते एवढं त्याला समजतं.

गारगोटी

धागा तुरुंगाकडे गेला, हरकत नाही, तोही महत्त्वाचा आहे. पण मूळ मुद्द्यावर माझं मत बदललेलं नाही. अनुजाताईंच्या आईंना जो त्रास झाला तो सल्ला चुकीचा मिळाल्याचा आहे, गुहेचा नाही. आठवी-नववीची मुलं, धडधाकट आईवडील असतील तर बाराटांग जरूर करावं. जे लोक जारवा "बघायला" जातात त्यांना परवानगीच मिळू नये, यावर मात्र मी स्वराताईंच्या बाजूने आहे. रोजची बोट मिळत असेल तर पुढच्या वेळी शाळेची मुलं घेऊन मी समुद्रमार्गेच जाईन, पैसे जास्त लागले तरी.

तोवर ज्यांना प्रवाळ आणि खारफुटी दोन्ही बघायचंय पण ट्रंक रोड नको, त्यांनी पोर्ट ब्लेअरजवळच्या वांडूरहून जॉली बॉय बेटावर जावं. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. जाताना बोट खारफुटीच्या खाडीतून जाते आणि काचेच्या तळाच्या बोटीतून वयस्कर माणसांनाही प्रवाळ दिसतात. बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत, पाण्याच्या बाटलीचीही मोजदाद होते. बेट वर्षभर खुलं नसतं, काही महिने त्याऐवजी रेड स्किन बेटावर नेतात, तेव्हा तारखा आधी विचारा. आणि मुलांनी शंख-प्रवाळ गोळा करून पिशवीत टाकले असतील तर तिथेच ठेवायला लावा. वन्यजीव कायद्याने प्रवाळ आणणं गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात.

अनुजा_२३

नीलला किती वेळ द्यावा? एजंट म्हणतोय सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

स्वरा_ठाणे

मुक्काम करा अनुजा. नीलच्या 'लक्ष्मणपूर दोन' किनाऱ्यावरचा तो नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीलाच जवळून बघता येतो आणि ओहोटी एजंटच्या वेळापत्रकाने येत नाही. हॉटेलवाल्याला आदल्या रात्री पाण्याची वेळ विचारून ठेवा. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, छोटे मासे, तारामासे दिसतात, स्थानिक वाटाडे हाताला धरून नेतात. आईंना मात्र तिकडे नका नेऊ, खडक निसरडे आहेत. त्यांना भरतपूरच्या किनाऱ्यावर सावलीत बसवा, तिथे गाडी जवळपर्यंत जाते आणि पाणी उथळ आहे.