यलोनाइफ: कोण किती दिवस?

(ग्रुप: आपला गोतावळा)

नाना: सर्वांस नमस्कार. टोरांटोत येऊन बरेच दिवस झाले. नायगारा झाला, मॉल झाले, सोनूच्या अंगणातल्या खारीही ओळखू लागल्या. आता उत्तरेकडचा तो आकाशातला हिरवा प्रकाश, म्हणजे ऑरोरा, पाहायची इच्छा आहे. सोनूने कॅनडाच्या उत्तरेकडील यलोनाइफ हे शहर सुचवले आहे. नकाशात पाहिले तर त्या भागात जमीन कमी आणि तळी जास्त. चर्चा व्हावी.

अण्णा (नाशिक): त्यासाठी एवढं लांब कशाला? मे 2024 मध्ये आपल्या लडाखला हानलेतून दिसला होता की.

बाळ्या: अण्णाकाका, तेव्हा सूर्यावरून फार मोठं वादळ आलं होतं, म्हणून हानलेच्या कॅमेऱ्यांना लाल रंग सापडला. यलोनाइफला वादळबिदळ लागत नाही. ढग नसले की बहुतेक रात्री डोक्यावरच असतो.

आत्या: 🙏🌹 शुभ सकाळ 🌹🙏

सोनू: मुद्दा असा आहे की तिघांच्या तीन तऱ्हा. आम्हा दोघांना लेबर डेचा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीचा, लाँग वीकेंड, फार तर एक रजा जोडून. आईबाबांना वेळच वेळ. बाळ्याला दोन आठवडे सुट्टी आणि त्याला कॅलगरीहून गाडीनेच जायचंय. मिनूताई, तू तिथे नोकरी केलीयस. तूच सांग.

मिनू: सांगते, पण लांबलचक होईल. काका, आधी महिना ठरवा, मग दिवस. मे ते ऑगस्टचा मध्य तिथे नीट अंधारच होत नाही. जूनमध्ये सूर्य मावळतो साडेअकराच्या पुढे, तेव्हा ऑरोरा विसरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ग्रेट स्लेव्ह लेक अजून गोठलेलं नसतं, त्याच्या वाफेने आकाश ढगाळ. उरतात दोन मोसम. एक ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. दुसरा डिसेंबर ते मार्च. जाहिरातीतले फोटो सगळे दुसऱ्या मोसमातले असतात, बर्फ, कुत्र्यांची गाडी वगैरे. पण जानेवारीत तिथे उणे पंचवीस-तीस नेहमीचं, उणे चाळीसही होतं. पार्किंगमध्ये गाडीच्या इंजिनाला विजेची वायर लावून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी चालू होत नाही. काकूंचे गुडघे बघता मी त्यांना तेव्हा नेणार नाही.

माई: माझ्या गुडघ्यांचा विषय ग्रुपवर नको.

मिनू: सॉरी काकू 😄 पण सप्टेंबरच घ्या. तळी मोकळी असतात, वरचा प्रकाश पाण्यात दिसतो. बर्चची झाडं पिवळी झालेली असतात. जाड जाकीट, टोपी, हातमोजे एवढ्यावर भागतं.

नाना: एक शंका. एक रात्र पुरणार नाही काय? दोन तास पाहिले की झाले.

मिनू: काका, तो कार्यक्रम नाही, हवामान आहे. एकच रात्र ठेवली आणि ढग आले की तिकिटाचे पैसे पाण्यात. म्हणून तीन रात्री कमीत कमी, आणि तेवढ्यासाठीच सोनूचा वीकेंड जेमतेम पुरतो. सोनू, ऐक. शुक्रवारी संध्याकाळी पोचा, त्याच रात्री बाहेर पडा, दमलोय म्हणून झोपू नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो, खरा काळोख साडेदहानंतर. पहाटे दोनपर्यंत जागायची तयारी ठेवा आणि सकाळी दहापर्यंत झोपा. दिवसा फक्त ओल्ड टाउन करा. खडकावर पायलट्स मॉन्युमेंट आहे, वर चढलात की खाली तळ्याच्या उपसागरात रंगीबेरंगी हाउसबोटी आणि पाण्यावर उतरणारी विमानं दिसतात. वाइल्डकॅट कॅफे म्हणून 1937 ची लाकडी खोपटी आहे, सोन्याच्या खाणींच्या दिवसातली. जवळच एक रस्ता आहे, त्याच्या पाटीबरोबर सगळे फोटो काढतात. नाव इथे लिहीत नाही, काकांना चालणार नाही.

बाळ्या: 😂😂 मी खासगीत पाठवतो सगळ्यांना.

सोनू: आणि वीकेंडमध्ये काय करायचं नाही?

मिनू: लांबचं काहीही. तीन दिवसांत धबधबे, गवे (तिथले बायसन), आइस रोड असं सगळं कोंबणारे लोक मी पाहिलेत, रात्री गाडीत झोपलेले असतात आणि आकाशात जे व्हायचं ते होऊन जातं. आणि आइस रोड सप्टेंबरात नसतोच, तो डिसेंबरअखेर सुरू होतो. समोरच्या डेटा (Dettah) नावाच्या गावाला हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून साडेसहा किलोमीटर, एरवी रस्त्याने वळसा घालून सत्तावीस.

अण्णा (नाशिक): तळ्यावरून गाड्या??

बाळ्या: ट्रकसुद्धा. हिऱ्यांच्या खाणींचं वर्षभराचं डिझेल फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यांवरूनच जातं. उन्हाळ्यात तिथे रस्ता नाही.

माई: मिनू, आम्ही दोघं किती दिवस राहावं ते सांग. मला पळापळ जमणार नाही. आणि गणपती 14 सप्टेंबरला आहेत, सोनूकडे बसवायचेत. त्याआधी मी टोरांटोत परत हवी.

मिनू: काकू, तुम्ही पाच-सहा रात्री घ्या. लेबर डे 7 ला आहे. 4 ला सोनूबरोबरच या, म्हणजे विमान बदलताना सोबत होईल. ती सोमवारी परत गेली की तुम्ही बुधवार-गुरुवारपर्यंत थांबा. यात दोन फायदे. ढगांना हरवायला रात्री जास्त, आणि दिवसाआड विश्रांती. एक दिवस इंग्रॅहम ट्रेलचा ठेवा. हा सत्तर किलोमीटरचा रस्ता आहे, टिबिट तळ्यापाशी संपतो, पुढे काही नाही. वाटेत कॅमेरॉन फॉल्सची पायवाट आहे, जायला सव्वा किलोमीटर, थोडी चढउताराची. नको वाटली तर प्रेल्यूड लेकच्या काठी डबा खा. एक दिवस म्युझियमचा. प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर, तिकीट नाही, आत मूसच्या कातड्याची होडी ठेवलीय. तिथून विधानसभेची इमारत जवळच आहे. काका, तुम्हाला आवडेल असं एक सांगते: तिथे 19 आमदार आणि पक्ष एकही नाही. सगळे अपक्ष म्हणून निवडून येतात आणि आपसात मुख्यमंत्री ठरवतात.

नाना: पक्ष नाही? मग भांडतात कशावरून?

अण्णा (नाशिक): फुटून कुठे जातात ते विचार आधी.

मिनू: 😄 भांडायला विषय पुष्कळ आहेत. शहराच्या वेशीवर जायंट माइन ही जुनी सोन्याची खाण आहे, 2004 ला बंद झाली. सोनं भाजताना निघालेला आर्सेनिकचा धुरळा, 2,37,000 टन, तिथेच जमिनीखाली साठवलाय. तो गोठवून ठेवायचं काम चालू आहे. नळाचं पाणी बिनधास्त प्या, ते नदीतून येतं. पण गावालगतच्या छोट्या तळ्यातलं पाणी तोंडात घालू नका, काठावरच्या बेरीसुद्धा नकोत.

आत्या: हे असं सगळं असताना नाना तुला जायचंच आहे का? त्यापेक्षा अष्टविनायक करा परत आल्यावर.

नाना: अगं, तेही करू.

आत्या: आणि खाणार काय? माई सोमवार, चतुर्थी सगळं करते.

मिनू: आत्या, मिळतं, पण महाग. सगळं ट्रकने किंवा विमानाने येतं. म्हणून खोली स्वयंपाकघरवाली बघा. टोरांटोतून पीठ, डाळ, तांदूळ, भाकरवडी न्यायला काही अडत नाही, देशातल्या देशातलंच विमान आहे. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे, तळ्यातला व्हाइटफिश ताजा मिळतो.

बाळ्या: आता माझं. कॅलगरी ते एडमंटन, तिथे मिनूताईकडे मुक्काम. मग एडमंटन ते यलोनाइफ पंधराशे किलोमीटर. ताई, एका दमात सोळा तास मारतो ना मी.

मिनू: मारू नकोस. मग विमानाने जा, उगाच गाडीची हौस कशाला? गाडीने जायचं ते वाटेसाठी. पहिला मुक्काम हाय लेव्हल. दुसऱ्या दिवशी साठावं अक्षांश ओलांडलं की थोड्या अंतरावर ‘हे’ (Hay) नावाच्या नदीवरचा अलेक्झांड्रा फॉल्स, 32 मीटरचा, आणि खाली लुईस फॉल्स. दोन्हींच्या मधून कड्याकडेने पायवाट आहे. रात्री ‘हे रिव्हर’ गावात ग्रेट स्लेव्ह तळ्याकाठी राहा. ते तळं 614 मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल. तिसऱ्या दिवशी देह चो पुलावरून मॅकेन्झी नदी ओलांडायची. हा पूल 2012 चा. त्याआधी उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता, आणि मधले काही आठवडे दोन्ही बंद. तेवढ्या काळात गावात भाजी हेलिकॉप्टर-विमानाने यायची आणि भाव ऐकून लोक भाजी तशीच ठेवायचे. फोर्ट प्रॉव्हिडन्सला टाकी भरायचीच, अर्धी असली तरी. त्यापुढे रस्त्यात गवे बसलेले असतात, कळपच्या कळप. काळोखात दिसत नाहीत. अंधार पडल्यावर त्या पट्ट्यात गाडी चालवायची नाही, हे मी बहीण म्हणून नाही, तिथे राहिलेली म्हणून सांगतेय.

बाळ्या: बरं बाई. आणि परतीला वूड बफेलो?

मिनू: दोन आठवडे असतील तरच. फोर्ट स्मिथकडे वळावं लागतं. ते राष्ट्रीय उद्यान स्वित्झर्लंडहून मोठं आहे, दोन दिवस तरी दे. नाहीतर सोड.

नाना: एक प्रस्ताव. जाताना मी बाळ्याबरोबर गाडीने येतो.

माई: काही नको.

सोनू: बाबा, तीन दिवस गाडीत??

नाना: पुणे-नागपूर बसने केले आहे, झोपायची सोय नसलेल्या.

मिनू: काका, तुम्हाला खरंच यायचं असेल तर जाताना या, परत येताना माईकाकूंबरोबर विमानाने. परतीची गाडी गणपतीला टोरांटो गाठणार नाही, आणि बाळ्या वूड बफेलोला वळला तर मुळीच नाही. आणि सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. 2023 ला जंगलाच्या वणव्यामुळे 16 ऑगस्टला अख्खं शहर रिकामं करायला लावलं, लोक 6 सप्टेंबरपासून परत येऊ लागले. म्हणजे त्या वर्षी लेबर डेला तिथे जवळजवळ कुणीच नव्हतं. रस्त्यावरचं एंटरप्राइज गाव तर जवळजवळ पूर्ण जळालं. तेव्हा रद्द करता येणारं बुकिंगच करा, थोडं महाग पडलं तरी. काका-काकूंच्या विम्यात रुग्णाला विमानाने हलवायचा खर्च धरलाय का तेही बघ सोनू. यलोनाइफला हॉस्पिटल आहे, पण मोठं काही झालं तर एडमंटनलाच आणतात.

सोनू: बघते. चंद्र असला तर त्रास होतो का? त्या वीकेंडला रात्री चंद्र आहे.

मिनू: फार नाही. जोरदार असेल तर चंद्राला जुमानत नाही, उलट फोटोत झाडं आणि पाणी दिसतं. एक मात्र आधीच सांगते म्हणजे हिरमोड व्हायला नको: मंद असेल तेव्हा डोळ्यांना पांढुरक्या ढगासारखा दिसतो, फोनला हिरवा. शंका आली की फोन तीन सेकंदांवर ठेवून फोटो काढायचा. हलायला लागला की मग डोळ्यांनाही रंग दिसतात.

अण्णा (नाशिक): व्हिडिओ कॉल करा. तुमची रात्र म्हणजे आमची दुपार.

सोनू: खोल्या आधी पाहिल्या, ताई म्हणाली तसं, विमानं आहेत पण हॉटेलंच मोजकी. ओल्ड टाउनला चालत जाता येईल अशा ठिकाणी स्वयंपाकघरवाल्या दोन मिळतायत. आमची 4 ते 7, आईबाबांची 4 ते 10. रद्द करता येतात. बाळ्या, तुझं तू बघ.

बाळ्या: मी तंबू आणतोय. नानाकाका, वाटेत तुम्हाला मोटेल. 1 तारखेला सकाळी सहाला एडमंटनला मिनूताईच्या दारात तयार राहा. हॉर्न वाजवणार नाही.

माई: यांना सहाला चहा लागतो. साडेसहा कर. आणि वाटेत ते गवे दिसले म्हणून हे खाली उतरतील, उतरू देऊ नकोस.

नाना: सोनू, बुक कर. गादी कडक आहे का ते विचारून घे.