मदत हवी आहे: घाटासाठी छोटं टर्बो की मोठं साधं इंजिन?

नमस्कार मंडळी, आंबा घाटातून कोल्हापूर-रत्नागिरी जा-ये असते, गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली. फोक्सवॅगन व्हर्टस १.० टीएसआय (छोटं इंजिन, पण टर्बो म्हणजे जास्त हवा दाबून भरणारा पंखा असलेलं) घ्यावी की होंडा सिटी १.५ (मोठं, बिनटर्बोचं), ठरत नाहीये. ताकद जवळपास सारखीच, ११५ आणि १२१ पीएस. पण व्हर्टसचा १७८ एनएम टॉर्क (इंजिनची ओढ) १७५० आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनचे फेरे) मिळतो. सिटीचा १४५ एनएम यायला ४३०० गाठावे लागतात. कागदावर टर्बोच सरस. धास्ती आहे ती चढाच्या वळणाची: दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम १५०० च्या खाली गेले, की टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरते का? समोरून एसटी येत असताना ते परवडणार नाही. शिवाय लाखभर किलोमीटरनंतर टर्बो कसा टिकतो? मॅन्युअल गिअरची गाडी चालवणाऱ्यांनी जरूर सांगा.