एस्टीम रॅली-गाडीत मेगास्क्वर्टचे नवे वायरिंग: अर्थिंग, क्रँक सेन्सर आणि जुन्या हार्नेसविषयी मार्गदर्शन हवे

सह्याद्री_रॅली (नाशिक)

नमस्कार. मातीवरच्या रॅलीसाठी आम्ही तिघे मित्र मिळून एक जुनी मारुती एस्टीम तयार करत आहोत. इंजिन मूळचेच, १२९८ सीसीचे आणि सोळा व्हॉल्व्हचे आहे. परंतु कॅमशाफ्ट बदलल्यामुळे कंपनीच्या इसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) इंधनाचे आणि स्पार्कचे हिशेब आता जुळत नाहीत, म्हणून मेगास्क्वर्ट-२ हा स्वतः सेटिंग करता येणारा इसीयू बसवायचे ठरवले आहे. क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचे (३६ पैकी एक दात गाळलेले) चाक लेथवर नीट मध्य काढून बसवले असून त्याच्यासमोर दोन तारांचा व्हीआर सेन्सर (दात समोरून गेला की व्होल्टेज निर्माण करणारा चुंबकीय सेन्सर) आहे. मूळ इग्निशनऐवजी दोन कॉइलांचा पॅक लावला आहे आणि त्याचे ड्रायव्हर (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारे भाग) इसीयूच्या बोर्डावरच आहेत. चारही इंजेक्टर मूळचेच ठेवले आहेत.

इसीयूसोबत ३७ पिनांचा कपलर आणि अडीच मीटर लांबीच्या सुट्या तारा मिळाल्या. त्या प्रत्येकीवर नाव छापलेले आहे, तरीही कात्री लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कंपनीचे इंजिनाकडचे वायरिंग कापून त्याच कपलरांना नव्या तारा जोडाव्यात, की सगळे नव्याने करावे? आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन सांगतात की सगळ्या अर्थ-तारा एकत्र पिळून बॉडीच्या जवळच्या बोल्टवर आवळाव्यात. ते बरोबर आहे का? आणि जोड झाळावेत की क्रिंप करावेत (पिनेत हत्याराने दाबून बसवावेत)?

तांब्याची_तार (पुणे)

आधी अर्थिंगविषयी लिहितो, कारण तुमच्या तीन प्रश्नांपैकी इंजिनाचे नुकसान करू शकेल असा प्रश्न तोच आहे. तुमचे इलेक्ट्रिशियन हेडलाइट आणि हॉर्नच्या बाबतीत बरोबर सांगत आहेत. पण इसीयूच्या अर्थ-तारा दोन प्रकारच्या असतात आणि त्या एकत्र पिळणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर यांच्या परतीच्या तारा इसीयूच्या ७ क्रमांकाच्या पिनेलाच परत आल्या पाहिजेत आणि त्यांचा वाटेत कुठेही बॉडीला किंवा इंजिनाला स्पर्श होता कामा नये. दुसऱ्या बाजूला, ज्या जाड अर्थ-तारांमधून इंजेक्टरचा आणि कॉइलचा प्रवाह परततो, त्या सगळ्या सिलिंडर हेडवरच्या एकाच बोल्टवर, रंग आणि गंज घासून काढलेल्या धातूवर, स्वतंत्र लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची कडी) लावून आवळाव्यात. बॉडीवर नाही, इंजिनावर. बॅटरीची ऋण केबलही इंजिनाला थेट जोडलेली असावी.

याचे कारण साध्या गणितात आहे. तुमच्या इंजेक्टरचा रोध साधारण १४ ओहम असेल, तर चालू इंजिनात प्रत्येक इंजेक्टर १ अँपिअर घेतो आणि चौघांचे मिळून ४ अँपिअर होतात. बोल्टखाली रंग राहिल्यामुळे तिथे ०.१ ओहम रोध तयार झाला, तर इसीयूच्या दृष्टीने ‘शून्य’ हेच ०.४ व्होल्टने वर उचलले जाते. थ्रॉटलचे मोजमाप ५ व्होल्टांत होते, त्यात ०.४ व्होल्ट म्हणजे ८ टक्क्यांची चूक झाली. शिवाय इंजेक्टर उघडतील-मिटतील तशी ती चूक येत-जात राहील. मग माणूस कित्येक रात्री लॅपटॉपवर इंधनाचा नकाशा दुरुस्त करत बसतो आणि दोष मात्र एका बोल्टखाली असतो.

इंजेक्टरविषयी एक गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. इसीयू इंजेक्टरला १२ व्होल्ट देत नाही. ते रिलेमार्गे, स्वतंत्र फ्यूजमधून, इग्निशन चालू असताना कायम पोहोचलेले असतात. इसीयू फक्त अर्थची बाजू जोडतो आणि तोडतो. पंपाच्या रिलेचेही तसेच आहे: रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकाला १२ व्होल्ट, ८५ इसीयूच्या ३७ क्रमांकाच्या पिनेला, ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली तार आणि ८७ वरून पंप. इसीयूची स्वतःची १२ व्होल्टची पिन २८ क्रमांकाची आहे. इसीयू, इंजेक्टर, कॉइल आणि पंप या चौघांना चार वेगळे फ्यूज द्या, म्हणजे फ्यूज उडाला की दोष कोणत्या दिशेला आहे हे लगेच कळते.

पंप मागे टाकीत असतो आणि तारेची जाडी निवडताना हे अंतर विसरले जाते. २० गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड) तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०३३ ओहम असतो, म्हणजे चार मीटरच्या तारेतून ६ अँपिअर गेले तर वाटेतच जवळपास ०.८ व्होल्ट खर्ची पडतात. १४ गेजची तार वापरली तर हीच घट ०.२ व्होल्टवर येते. सेन्सरसाठी २२ गेज, इंजेक्टरसाठी २० आणि पंपासाठी १४ गेज घेतल्यास तुमच्या गाडीला पुरेसे होईल.

क्रँक सेन्सरच्या दोन तारा एकमेकींवर पिळलेल्या आणि जाळीचे आवरण असलेल्या केबलमधूनच न्याव्यात. ती जाळी फक्त इसीयूच्या टोकाला अर्थ करावी आणि सेन्सरच्या टोकाला कापून, वर स्लीव्ह चढवून मोकळी सोडावी. दोन्ही टोकांना अर्थ केली तर जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो आणि जी गोष्ट अडवायला ती घातली तीच आत शिरते. ही केबल कॉइलच्या आणि अल्टरनेटरच्या तारांसोबत एकाच जुडग्यात बांधू नका. इंजिनाच्या दुसऱ्या बाजूने वाट मिळत असेल तर लांबी थोडी वाढली तरी चालेल.

शेवटचे, पण कृपया हे टाळू नका. बोर्डातून कॉइल थेट चालवताना सॉफ्टवेअरमध्ये स्पार्क आउटपुटची दिशा उलटी नोंदली गेली, तर इंजिन बंद असतानाही कॉइलमधून सतत प्रवाह वाहत राहतो आणि काही वेळातच कॉइल किंवा तिचा ड्रायव्हर जळतो. सर्व सेटिंग तपासून होईपर्यंत कॉइलचा फ्यूज काढून खिशात ठेवावा, आणि इसीयूचे फर्मवेअर बदलताना प्रत्येक वेळी तो पुन्हा काढावा.

वायरमन_कोल्हापूर

झाळायचे की क्रिंप करायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर क्रिंप हेच आहे. झाळलेल्या जोडातले कथिल तारेच्या केसांमधून पुढे चढत जाते आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. मातीच्या रस्त्यावर गाडी हादरत राहिली की ताठ भाग जिथे संपतो नेमक्या त्या जागी तार तुटते, आणि वरचे आवरण शाबूत असल्यामुळे ती तुटलेली डोळ्यांना दिसत नाही. मात्र क्रिंप म्हणजे पकडीने चेपणे नव्हे. त्या पिनेसाठी बनवलेले हत्यार हवे, आणि तयार केलेली पहिली पाच-सहा टोके हाताने जोर लावून ओढून पाहावीत. तार पिनेतून निसटली, तर हत्यार किंवा तारेची जाडी चुकलेली आहे. तुमचा ३७ पिनांचा कपलर झाळायच्या प्रकारचा असेल, तर तिथे झाळणे अपरिहार्य आहे. अशा वेळी प्रत्येक जोडावर स्वतंत्र स्लीव्ह घाला आणि मागचा जुडगा पट्टीने असा पकडा की हादरा जोडापर्यंत पोहोचणारच नाही.

अडीच मीटरच्या तारा मिळाल्या म्हणून अडीच मीटरच वापरायच्या असे नाही. तारांना हात लावण्यापूर्वी साधी सुतळी घ्या, इसीयूच्या जागेपासून प्रत्येक सेन्सरपर्यंत हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) खऱ्या वाटेने ती अंथरा, फाटा फुटतो तिथे गाठ मारा आणि ती सुतळी टेबलावर ठेवून तिच्या मापाने तारा कापा. सुतळी अंथरताना एका माणसाने पहारीने इंजिन पुढे-मागे ढकलावे. माउंटवर इंजिन किती हलते ते तेव्हा दिसते, आणि बॉडीवरून इंजिनावर उतरणाऱ्या प्रत्येक फाट्यात तितकी ढील ठेवावी लागते. आमच्याकडे आलेल्या एका गाडीत ही ढील ठेवलेली नव्हती आणि थ्रॉटल सेन्सरची तार फक्त पहिल्या गिअरमध्ये जोरात निघताना कपलरातून ओढली जात असे. उभ्या गाडीत तो दोष कधीच सापडला नसता.

फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. तिथे पत्र्याला घासून तार उघडी पडली, तर ती १२ व्होल्टचीच असेल असे नाही. थ्रॉटल सेन्सरची ५ व्होल्टची तार अर्थ झाली तरी इंजिन तिथेच थांबू शकते. एक्झॉस्टच्या बाजूला साधी पीव्हीसी तार वापरू नये, १२५ अंश सेल्सियस सहन करणारी क्रॉस-लिंक्ड आवरणाची तार घ्यावी. प्रत्येक कपलरच्या आधी हार्नेसला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत कपलरमध्ये न जाता खालीच गळून पडते.

घाटरस्ता (सातारा)

जुन्या वायरिंगविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ते कापू नका. रॅलीमध्ये स्पर्धेच्या टप्प्यांदरम्यानचा प्रवास सार्वजनिक रस्त्यांवरून होतो, त्यामुळे हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि वायपर हे सगळे नीट चालावेच लागते. एस्टीमचे उत्पादन २००७ साली थांबले असल्याने अर्धवट कापलेल्या हार्नेसच्या जागी दुसरा चांगला हार्नेस मिळवणे सोपे नाही. इंजिनाच्या फाट्याला हात न लावता त्याचे कपलर सुटे करावेत, टोके बंद करून बाजूला बांधून ठेवावीत आणि नवा हार्नेस पूर्णपणे स्वतंत्र करावा. जुन्या तारांना नव्या तारा जोडल्या तर वीस वर्षांच्या हिरव्या पडलेल्या तांब्याचा दोष नव्या कामात उतरतो.

इसीयू जोडण्यापूर्वी त्याचा कपलर मोकळा ठेवून इग्निशन चालू करा आणि २८ क्रमांकाच्या पिनेवरच १२ व्होल्ट येतात ना, इतर पिनांवर फक्त अपेक्षित ठिकाणीच व्होल्टेज दिसते ना, हे कागदावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. केवळ मल्टीमीटरच्या आवाजावर विसंबू नये, कारण तारेचा एक केस उरलेला असला तरी तो वाजतो. पुरवठ्याच्या आणि अर्थच्या तारांच्या टोकाला २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब लावून पाहावा. त्यातून पावणेदोन अँपिअर जातात, आणि जोड कच्चा असेल तर बल्ब मिणमिणतो.

सह्याद्री_रॅली (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सुतळीपासून सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत हार्नेस तयार झाला. बल्बच्या तपासणीत पंपाच्या अर्थचा जोड कच्चा निघाला, तो पुन्हा केला. इंजिन सुरू होते आणि आयडलिंग स्थिर आहे. परंतु सॉफ्टवेअरमध्ये स्पार्क १० अंशांवर स्थिर ठेवून टायमिंग लाइट (स्पार्कच्या क्षणी चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) धरला, तेव्हा आयडलला खूण बरोबर १० अंशांवर दिसते आणि ४००० आरपीएमला ती पाच-सहा अंशांनी सरकते. ५२०० च्या आसपास इंजिन झटके देते आणि नोंदीमध्ये ‘लॉस्ट सिंक’चा (दातांची मोजणी चुकल्याचा) आकडा वाढत जातो. जाळी एकाच टोकाला अर्थ आहे, हे दोनदा तपासले.

तांब्याची_तार (पुणे)

केवळ बाहेरचा विद्युत गोंगाट तारांत शिरत असता, तर सिंक अधूनमधून तुटला असता पण खूण अशी आरपीएमसोबत सरकत गेली नसती. खूण सरकते याचा अर्थ बहुधा व्हीआर सेन्सरच्या दोन तारांची अदलाबदल झाली आहे. दात सेन्सरसमोरून जाताना व्होल्टेज आधी एका दिशेला चढते, दात मध्यावर आला की झपाट्याने शून्य ओलांडते आणि मग उलट बाजूला जाते. इसीयूने हा झपाट्याचा क्षण पकडायचा असतो. तारा उलट लागल्या की तो दातांमधल्या सावकाश उताराचा क्षण पकडतो, आणि तो वेगानुसार पुढे-मागे होतो. गाळलेल्या दाताच्या जागी तर तो उतार फारच लांबतो, त्यामुळे इसीयूची मोजणी चुकते. ६००० आरपीएमला या चाकाचे सेकंदाला ३५०० दात सेन्सरसमोरून जातात, त्यामुळे चुकीला वाव उरत नाही.

इसीयूच्या कपलरजवळ त्या दोन तारांची अदलाबदल करून पाहा. त्यानंतर ट्रिगरचा कोन (चाकाच्या दातावरून क्रँकची जागा ठरवणारा आकडा) नव्याने नोंदवावा लागेल, कारण आता दाताची वेगळी जागा पकडली जाईल. टायमिंग लाइट लावल्याशिवाय इंजिनावर भार देऊ नका. दोष तरीही राहिला, तरच बोर्डावरच्या आर-५२ आणि आर-५६ या, सेन्सरचा संकेत जुळवणाऱ्या दोन पोटेन्शिओमीटरांना हात लावावा.

सह्याद्री_रॅली (नाशिक)

तारांची अदलाबदल केली. खूण आयडलपासून ६००० पर्यंत एका जागी आहे आणि लॉस्ट सिंकचा आकडा शून्यावरून हललेला नाही. ट्रिगरचा कोन पाच अंशांनी बदलावा लागला. पोटेन्शिओमीटरांना हात लावला नाही.

आता एकच शंका उरली आहे. कटऑफ स्विच (गाडीची सगळी वीज तोडण्यासाठीचा) बॅटरीच्या धन केबलवर बसवला आहे, पण तो बंद केला तरी चालू इंजिन चालूच राहते.

घाटरस्ता (सातारा)

बॅटरी तुटली तरी अल्टरनेटर इसीयूला आणि कॉइलला वीज पुरवत राहतो, म्हणून तसे होते. एफआयएच्या (मोटर स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमानुसार या स्विचने सर्व विद्युत मंडले तोडून इंजिनही बंद झाले पाहिजे, आणि तो आतून तसेच बाहेरून हाताळता आला पाहिजे. सहा टोकांचा स्पर्धेचा स्विच घ्या. त्याच्या मोठ्या जोडीतून बॅटरीची केबल जाते, लहान जोडीतून इसीयूच्या मुख्य रिलेची चालू करणारी तार न्यावी, आणि उरलेल्या जोडीवर सोबत मिळणारा ३ ओहमचा रेझिस्टर लावावा, म्हणजे बॅटरी अचानक तुटल्यावर अल्टरनेटरचे उसळलेले व्होल्टेज त्यात जिरते आणि नव्या इसीयूपर्यंत पोहोचत नाही. बाहेरच्या खेचदोरीजवळ पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचे चिन्ह लावावे लागते, आणि त्या त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर हवा. स्विच बसवल्यावर इंजिन ३००० आरपीएमवर धरून आतून एकदा आणि दोरीने एकदा बंद करून पाहा.