भट्टीतली नानकटाई, घरातली बिस्किटं : तुमच्याकडे काय चालायचं?

दिवाळीची बिस्किटं आमच्याकडे घरची असायची, पण भाजली जायची बेकरीत. मैदा, पिठीसाखर, डालडा मोजून पिशवीत, वेलदोड्याची पूड वेगळ्या पुडीत, आणि आई, काकू, शेजारच्या दोघीतिघी मिळून दुपारी बेकरी गाठायच्या. भट्टीवाले किलोवर मजुरी घेत. काही गावांत मळण्यापासून सगळं तेच करत; आमच्या साताऱ्याकडे बायका तिथेच फरशीवर बसून गोळे वळायच्या. ट्रे आत गेले की आपला कुठला, यावरून कुजबुज सुरू. म्हणून आमच्या काकूनं प्रत्येक नानकटाईवर चमच्याच्या दांड्यानं फुली मारायची युक्ती काढली. पुढच्या दिवाळीत अख्ख्या आळीच्या बिस्किटांवर फुल्या!

पाककृती नकोत, त्या रगड मिळतात. तुमच्या घरी कोण काय करायचं, कुठे भाजायचं, आता काय करता, ते लिहा.

पुण्याहून

आमच्याकडे गोल ओव्हन होता. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी. तापमानाचं बटण वगैरे काही नाही, एक तर चालू नाहीतर बंद. आई मिश्रण करून द्यायची आणि पुढचं खातं बाबांचं. स्टूल ओढून खिडकीतून बघत बसायचे. कडा बदामी दिसल्या की प्लग काढायचा, उरलेलं काम आतल्या धगीवर. त्या वेळात त्यांच्याशी बोललेलं चालायचं नाही.

पाहुण्यांसाठी श्रूजबेरी बिस्किटं मात्र कॅम्पातून, कयानी बेकरीची. घरची नानकटाई घरच्यांना. आजीला हा दुजाभाव मुळीच पटत नसे, आणि पाहुणे बसले की ती मुद्दाम घरचाच डबा उघडायची.

ठाण्याहून

सासूबाई तूप परातीत हातानं फेसतात, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. घट्ट रवाळ तूपच लागतं, वितळवलेलं नाही. मैदा पडला की मात्र मळू देत नाहीत, नुसता गोळा करायचा. ‘पोळ्या लाटायच्यात का आपल्याला?’ हे ठरलेलं वाक्य. नवी होते तेव्हा वाटायचं, उगाच शिस्त. पण खरंच, जास्त मळलं की पीठ चिवट होतं आणि तोंडात विरघळायचा गुण जातो.

दुसरा ठरलेला प्रसंग : बारा-पंधरा मिनिटांनी ट्रे बाहेर येतो, नानकटाई बोटाला मऊ लागते, आमचे हे म्हणतात ‘अजून कच्ची आहे’. सासूबाई उत्तर देत नाहीत. ट्रे ओट्यावर, वर जाळी. गार होता होता ती आपोआप खुटखुटीत होते, आणि पहिली उचलतात तीही हेच!

फोंड्याहून

आम्ही शेजारच्यांकडे चवथीला नेवऱ्या (करंज्या) पाठवायच्या, नाताळात त्यांचं ताट आमच्याकडे : दोदोल, कुलकुलं, पुन्हा नेवऱ्या, आणि बोलिन्हं. बोलिन्हं म्हणजे रवा-नारळाची बिस्किटं, अंड्याच्या बलकातली. मिश्रण रात्रभर ठेवायचं, म्हणजे रवा भिजून फुलतो. दुसऱ्या दिवशी काट्यानं उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या. ते काम पोरांचं, आणि त्या पोरांत आम्हीही. आमच्या आजीला अंडं चालत नसे, तर शेजारची मावशी तिच्यापुरता दोदोल वेगळा बांधून द्यायची. तांदूळ, गूळ, नारळ. आजीचा काही आक्षेप नाही.

न्यू जर्सीहून

इथे ओव्हन घराबरोबरच येतो. आणि बऱ्याच देशी घरांत त्यात काय असतं? कढया, तवे, कुकरची भांडी. आमच्याकडेही तेच होतं. लेकीला चॉकलेट चिप कुकीज करायच्या होत्या म्हणून तिनं तो रिकामा करायला लावला, आणि कढया आता कपाटावर आहेत. ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सियस. नानकटाईलाही तेवढंच लागतं, म्हणून तिच्या कुकीज निघाल्या की माझा ट्रे आत. शाळेच्या बेक सेलमध्ये सुकामेवा चालत नाही, त्यामुळे चारोळी-पिस्ता बाद, नुसता वेलदोडा.

आईला व्हिडिओ कॉलवर कुकीज दाखवल्या, तर म्हणाली, ‘अगं, बसल्या का गं या?’ तिच्या लेखी बिस्किट वर फुगायला हवं आणि त्याला भेगा पडायला हव्यात.

नाशिकहून (निवृत्त, रसायनशास्त्र शिकवत असे)

बसण्याचा विषय निघालाच आहे तर. कुकीज लोण्यातल्या, नानकटाई तुपातली. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं, तुपात जवळजवळ नाही. शिवाय त्या कुकीजमध्ये साखर जास्त, ती वितळते आणि पीठ पसरतं. दोन्ही पदार्थ आपापल्या जागी बरोबर आहेत, आईंना सांगा.

बेकरीच्या जुन्या नानकटाईला जो हलकेपणा असे तो बऱ्याचदा ‘अमोनिया’चा, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेटचा. तापला की सगळाच वायू आणि वाफ होऊन निघून जातो, मागे काही उरत नाही. कोरड्या, पातळ बिस्किटांनाच तो चालतो. केकमध्ये वास अडकून बसतो. भट्टी उघडली की डोळ्यांना झोंबायचं, ते हेच.

कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून भाजणाऱ्यांना एक विनंती : रिंग आणि शिट्टी काढा, आणि रोजच्या वापरातला कुकर त्यासाठी घेऊ नका. जाड बुडाचं जुनं पातेलं बरं.

औरंगाबादहून

पोरं आणि मी, आमच्या घरात स्वयंपाक माझ्याकडेच. नाचणीची बिस्किटं दर रविवारी. नुसत्या नाचणीत चिकटपणा नाही, भुगा होतो. निम्मी कणीक घातली की धरतात. धाकटा बिस्किटांना वाटीनं आकार देतो, थोरला फक्त खायला येतो. डबा बुधवारपर्यंतही पुरत नाही, आणि लपवायच्या जागा मला आता सुचेनात.

पुन्हा पुण्याहून

वर लिहिलेला गोल ओव्हन अजून माळ्यावर आहे. कॉइल गेली आहे. कुणाला माहीत आहे का, मिळते कुठे?

पुण्याहूनच, दुसरी

बोहरी आळीत विचारा. जुनी कॉइल बरोबर न्या, मापाची मिळाली तर लगेच बसवून देतील. आणि वायरही बदला हो, त्या काळची कापडी वायर असेल.