मूल खात नाही म्हणून रुग्णालयात दाखल करणे, नाकातील नळी आणि सुरुवातीचे दिवस

प्रश्न (रंकाळावासी):
नमस्कार. माझी मुलगी लवकरच पाच वर्षांची होईल. गेल्या पावसाळ्यात भाजका शेंगदाणा खाताना तिला जोराचा ठसका लागला, श्वास अडकला, आणि तेव्हापासून तिने चावून खाण्याचे पदार्थ एकेक करून सोडले. आधी भाकरी गेली, मग चपाती, मग भातही. आता दूध, पाण्यासारखी पातळ आंबील आणि दुधात पूर्ण विरघळलेले बिस्कीट एवढ्यावरच ती आहे. वजन घटू लागले असून ते १३ किलोच्या आसपास आले आहे. शहरातील बालरोगतज्ज्ञांनी ‘अर्फिड’ असे निदान सांगून तिला दाखल करण्याचा आणि गरज पडल्यास नाकातून नळी घालण्याचा सल्ला दिला आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, हा निव्वळ हट्ट आहे, दोन दिवस काही देऊ नका, पोटात कावळे ओरडू लागले की आपोआप खाईल. मला न उलगडलेली गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीचे काही दिवस मुद्दाम बेताचेच अन्न देऊ, असे डॉक्टर म्हणाले. कमीच द्यायचे असेल, तर दाखल कशासाठी करायचे?

उत्तर १ (आहारतज्ज्ञ, शाहूपुरी):
ताई, आधी हट्टाविषयी. अर्फिड, म्हणजे अन्न टाळण्याचा किंवा अतिमर्यादित खाण्याचा विकार, हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ साली समाविष्ट झाले. यात मुलाला बारीक व्हायचे नसते. काहींना पदार्थाचा वास किंवा पोत सहन होत नाही, काहींना भुकेची जाणीवच कमी असते आणि काहींना गिळण्याची भीती बसलेली असते. तुमच्या वर्णनावरून तुमची मुलगी तिसऱ्या प्रकारातील वाटते. अशा मुलाला उपाशी ठेवल्याने भीती कमी होत नाही, वजन मात्र आणखी उतरते.

आता मूळ प्रश्न. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेले शरीर साठवलेल्या चरबीवर दिवस काढत असते आणि त्यातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा आतून रिकामा होत असतो. रक्ताच्या तपासणीत हे आकडे तरीही ठीक दिसू शकतात, आणि फसगत नेमकी इथेच होते. एकदम भरपूर पिष्टमय अन्न दिले की इन्सुलिन वाढते, पेशी हे क्षार रक्तातून झपाट्याने ओढून घेतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटलेले काही उपाशी युद्धकैदी पोटभर जेवल्यानंतर दगावले, तेव्हा हा धोका वैद्यकाच्या नजरेत ठळकपणे भरला. म्हणून पहिला आठवडाभर रक्तातील हे क्षार वरचेवर तपासत, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देत, अन्न टप्प्याटप्प्याने वाढवतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३६० कॅलरी लागतात. तिथपर्यंत आणि नंतर त्याच्याही पुढे जायचे असते, पण सावकाश. कमी देण्यासाठी दाखल करत नाहीत, तर देताना लक्ष ठेवता यावे म्हणून करतात.

नळी सर्वांनाच लागत नाही. तोंडाने पुरेसे द्रवान्न जात असेल, तर तेच आधी वाढवून पाहतात. नळी घालायची झाल्यास नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेतात, नाकातून ती जठरात सरकवतात आणि गालावर चिकटपट्टीने बसवतात. अन्न सोडण्यापूर्वी सिरिंजने थोडा द्राव ओढून पट्टीवर त्याची आम्लता म्हणजे पीएच पाहतात (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त), आकडा ५.५ किंवा त्याखाली आला, तर टोक जठरात असल्याची खात्री धरतात. अनेक ठिकाणी नळीतले अन्न रात्री हळूहळू सोडतात, जेणेकरून दिवसा भूक शिल्लक राहावी.

आणखी एक. दुधावरच राहिलेल्या मुलांत लोह कमी पडते आणि लोहाच्या कमतरतेने उरलीसुरली भूकही मरते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणीही, करून घ्या.

उत्तर २ (इचलकरंजीहून एक आई):
माझा मुलगा स्वमग्न आहे आणि त्याचे खाणे पांढरा भात व एकाच प्रकारच्या वेफर्सवर येऊन थांबले होते. पाय दुखतात म्हणून तो चालेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा तपासणीत क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही निघाला. घरात लिंबांची पाटी भरलेली असताना हे घडले, यावर नातेवाइकांचा आजही विश्वास बसत नाही.

नळीने त्याचा जीव सावरला, हे मी मान्य करते. परंतु एका खासगी रुग्णालयाने त्याला नळीसकट घरी सोडले आणि ती कोणत्या टप्प्यावर, कशी काढायची, याचा कोणताही आराखडा दिला नाही. नळीने पोट भरत राहिले की मूल तोंडाने खाणे विसरते, ही भीती अगदीच निराधार नाही. त्यामुळे नळी घालण्यापूर्वीच ती काढण्याची योजना विचारा, आणि गिळण्याचे प्रशिक्षण देणारे वाचा-उपचारतज्ज्ञ पहिल्यापासून सोबत असतील का, हेही विचारा. आमच्याकडे त्या उशिरा आल्या. त्यांनी मुलाला आधी पदार्थाकडे नुसते पाहू दिले, मग हात लावू दिला, मग ओठाला टेकवून परत ठेवू दिला. पेरूची फोड चाटून त्याने थुंकून टाकली, तेव्हा त्या दिवसाचे काम झाले असे त्या म्हणाल्या.

भेटीच्या वेळेत डबे घेऊन येणाऱ्या आत्या-मावश्यांना मात्र दारातच थांबवा. ‘माझ्यासाठी एक घास’ म्हणत सहा जणांनी चमचा पुढे केला, तर उपचारकांची आठवड्याची मेहनत एका संध्याकाळी वाया जाते.

उत्तर ३ (बालरोगतज्ज्ञ):
एक गोष्ट वेगळी सांगतो. शेंगदाणा साध्या एक्स-रेत दिसत नाही. त्या प्रसंगानंतर खोकला रेंगाळला असेल, छातीत एका बाजूला शिटीसारखा आवाज येत असेल किंवा एकाच बाजूचा न्यूमोनिया पुन्हापुन्हा होत असेल, तर श्वासनलिकेची दुर्बिणीने तपासणी करावी लागते. त्याचप्रमाणे, घन पदार्थ गिळताना अडकतात अशी तक्रार असेल, तर अन्ननलिकेची सूजही नाकारली गेली पाहिजे. सारे भीतीमुळेच आहे असे म्हणण्यापूर्वी हे तपासलेले असावे.

प्रश्नकर्ती (रंकाळावासी):
सर्वांचे आभार. खोकला नाही आणि छाती तपासून झाली आहे. अन्ननलिकेविषयी उद्या विचारते. सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रात हेच उपचार मिळतात, असे शेजारच्या अंगणवाडीताई म्हणाल्या. ते आमच्यासाठी योग्य ठरेल का?

उत्तर ४ (आहारतज्ज्ञ, शाहूपुरी):
ती केंद्रे सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या तीव्र कुपोषित बालकांसाठी आहेत. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असणे, दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे किंवा दोन्ही पायांवर सूज असणे, हे तेथील निकष. तेथेही आधी १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी देणारे एफ-७५ हे दुधापासूनचे उपचारात्मक द्रवान्न आणि मूल स्थिरावल्यावर १०० कॅलरी देणारे एफ-१०० देतात. म्हणजे आधी सावकाश, मग जोमाने, हे तत्त्व तेच. परंतु त्या केंद्रांची घडण मुख्यतः अन्नाच्या तुटवड्याने व आजारपणाने खंगलेल्या मुलांसाठी आहे. समोर ताट असूनही घास तोंडात घ्यायला घाबरणाऱ्या मुलीला त्यापुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ लागतात. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, बालरोग विभागात या दोघांची सोय एकत्र होईल का, याची चौकशी करा. खासगी रुग्णालय निवडले, तरी प्रश्न हाच विचारा.

दाखल होईपर्यंत दूध एकदम तोडू नका, कारण सध्या तोच तिचा आधार आहे. आंबील मात्र थोडी थोडी दाट करता येईल. तिने वाटी बाजूला सारली, तर दुसऱ्या दिवशी आधीच्या पातळपणावर परत या. दोन-अडीच तासांच्या अंतराने द्या, मध्ये फक्त पाणी, आणि अर्ध्या तासानंतर काही न बोलता वाटी उचला. ती सुस्त पडू लागली, लघवी कमी झाली किंवा हातपाय गार लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी घेऊन जा.