मदत हवी आहे : नगररूपाच्या जुन्या आणि नव्या अभ्यासपद्धतींची सांगड कशी घालावी?

नमस्कार. शहरांच्या भौतिक रूपाचा अभ्यास करण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या, यावर मी प्रबंधातील एक प्रकरण लिहीत आहे आणि एका ठिकाणी अडले आहे.

भूगोलतज्ज्ञ एम. आर. जी. कॉन्झेन यांनी १९६० मध्ये इंग्लंडमधील अ‍ॅनिक या गावाच्या नकाशाचे विश्लेषण करताना रस्ते, भूखंड आणि इमारतींनी व्यापलेली जागा असे तीन घटक वेगळे केले. त्याच सुमारास इटालियन वास्तुविशारद साव्हेरिओ मुरातोरी व्हेनिसमधील घरांचे प्रकार तपासत होते. इमारती पडतात, नव्या उभ्या राहतात, पण भूखंडांच्या सीमा बहुधा त्याहून अधिक टिकतात, ही कॉन्झेन यांच्या कामातून मिळणारी दृष्टी मला आजही फार मोलाची वाटते. पुढे बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांच्या १९८४ मधील ग्रंथाने जागा एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत हे मोजण्यावर भर दिला, आणि आता ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशांमुळे अनेक शहरांची तुलना संगणकावर करता येते.

मात्र या मोजणीत भूखंडच गळतो, कारण मालकीच्या सीमांची माहिती अनेकदा खुली नसते. प्रत्येक जागा सर्वांत जवळच्या इमारतीला जोडून भूखंडांचा अंदाज बांधण्याची पद्धत मी वापरून पाहिली. सलग, दाट वस्तीत ती बरी चालते, पण विरळ वस्तीत फसते.

हा अंदाज जुन्या भूमापन नकाशांशी कोणी पडताळून पाहिला आहे का? आणि एकाच काळाच्या माहितीवरून कॉन्झेन यांना अभिप्रेत असलेला काळाचा क्रम, म्हणजे शहराचा कोणता भाग आधी आणि कोणता नंतर घडला हे, कितपत मांडता येईल?