नागा हिल्सचं मेडल आणि गावचा फलक: वायरलेसवाल्याला शौर्यपदक मिळते का?

वैनगंगाकाठ (ता. कुरखेडा)
ग्रामपंचायतीपुढं माजी सैनिकांचा फलक लागतोय. त्यात सिग्नल कोरमधले (लष्कराची संपर्क शाखा) एक दिवंगत आजोबा आहेत. १९६० नंतर नागा टेकड्यांच्या जंगलात वायरलेस ऑपरेटर होते. घरी दोन मेडलं निघाली. एकाच्या फितीवर ‘नागा हिल्स’ अशी धातूची आडवी पट्टी, दुसऱ्याची फीत लाल, मधोमध पांढरा पट्टा. यातलं शौर्याचं कोणतं? नुसता सेट चालू ठेवल्याबद्दल शौर्यपदक देतात का? दगडात कोरायचंय, चूक नको.

कामठीवाला
भाऊ, पट्टीवालं जनरल सर्व्हिस मेडल. नागा टेकड्यांतल्या बंडखोरीविरुद्धच्या मोहिमेत नेमून दिलेली सेवा केली की मिळे, ते शौर्याचं नाही. लाल-पांढऱ्या फितीचं सेना मेडल दिसतंय. ते शौर्यासाठीही देतात अन् कर्तव्यनिष्ठेसाठीही, फीत एकच. म्हणून फितीवरून ठरवू नका, गॅझेट (सरकारी राजपत्र) पाहा.

‘वीरचक्र’ तर चुकूनही लिहू नका. ते शत्रूसमोरच्या लढाईचं. बंडखोरीविरुद्धच्या मोहिमेत अशोक, कीर्ती, शौर्य ही चक्रं. कागद १९६७ आधीचा असला अन् त्यावर ‘अशोक चक्र वर्ग ३’ असलं, तर ते आजचं शौर्य चक्र.

काम कोणतं याची आडकाठी नसते. रामा राघोबा राणे लष्कराच्या इंजिनिअर्स कोरचे. १९४८ मध्ये नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे सुरुंग अन् अडथळे काढले, परमवीर चक्र मिळालं.

तारवाला
‘नुसता सेट’ म्हणू नका, दादा. दाट ओल्या झाडोऱ्यात व्हीएचएफ (जास्त फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी) लवकर दबतं, उभ्या अँटेनाचं तर जास्तच. मग एचएफवर (त्याहून कमी फ्रिक्वेन्सी) आडवा डायपोल, म्हणजे मधून जोडलेली दोन बाजूंची तारेची अँटेना, ताणायचा. लांबी मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ: ५ मेगाहर्ट्झला २८.६ मीटर, म्हणजे एकेक बाजू १४.३. मुद्दाम खालीच, ३-४ मीटरवर. लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन परततात, मधली टेकडी आड येत नाही. रात्री फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते, नाहीतर संपर्क तुटतो. टोकाला इन्सुलेटर, पुढं ढिली दोरी. झाड हललं की ताठ तार तुटते.

फोनची लाइन तुटली की लाइनमन तार हातातून सरकवत तुटीपर्यंत जातो. दोन तारांचे सांधे समोरासमोर घेत नाहीत, वीतभर मागंपुढं घेतात, नाहीतर पावसात शॉर्ट. मग तिथूनच फोन जोडून दोन्ही टोकांना घंटी द्यायची. तार कधीकधी शत्रूच कापतो अन् दबा धरून बसतो. हे माहीत असून जोडायला जाणं, शौर्य ते हेच.

वैनगंगाकाठ
गॅझेट कसं मिळवावं?

कामठीवाला
मेडलची कड भिंगाखाली धरा, नंबर-नाव कोरलेलं असतं. ते पेन्शन बुकाशी ताडून वारसाच्या सहीचा अर्ज सिग्नल रेकॉर्ड्स, जबलपूरला करा. गडचिरोलीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पुढं पाठवेल. अर्जात गॅझेटची तारीख अन् साइटेशनची (पदक कशासाठी दिलं ते सांगणारा मजकूर) प्रत, दोन्ही मागा. उत्तर येईस्तोवर नावापुढची जागा कोरी ठेवायला सांगा.